सहाव्या वर्षी येणारी दाढ

शाळेत दात तपासायला डॉक्टर येणार म्हटलं की आमच्या हेडमास्तरांना आधी फेटे आठवतात. किती लागतील, कोणत्या रंगाचे, बांधणारा कोण. मग शाल, नारळ, बॅनर, माइक. मुलांची तोंडं सगळ्यात शेवटी. मी कोल्हापुरातून रोज स्कूटीवरून कोडोलीच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवायला जाते, आणि दरवर्षी ते शिबिर पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सत्कार तासभर चालतो. मग पोरं रांगेत उभी राहतात, 'आ' करतात, डॉक्टर टॉर्च मारून 'किडलेत' म्हणतात आणि पोरगं पुढं सरकतं. किडलेत हे आम्हालाही दिसतं हो. त्याचं करायचं काय, ते सांगायच्या आत जेवणाची वेळ होते आणि पाहुणे मटणाच्या वासाकडे तोंड करून बसतात. पोरांना पेस्टची एकेक चिमुकली नळी मिळते. ती गोड लागते म्हणून घरी पोचायच्या आत चाटून संपते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण आमच्याकडे घोड्यालाही फेटा बांधतात.

एका पावसाळ्यात जे पथक आलं त्यात एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती. फेटा तिच्या भुवयांपर्यंत घसरला होता आणि ती दर दोन मुलांमागे तो वर ढकलत होती. मला ती पाहताक्षणी आवडली, कारण मी जेवढी वैतागले होते तेवढीच तीही वैतागलेली होती. तिनं माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीला बाजूला थांबवलं आणि मला हाक मारली.

"बाई, ही सगळ्यात मागची दाढ बघा. ही दुधाची नाही."

मला तोवर हे माहीत नव्हतं. पुढचे दात पडतात तेव्हा सगळ्या घराला कळतं, पोरगं गावभर दाखवत फिरतं. ही दाढ मात्र सहाव्या वर्षी, कुठलाच दात न पाडता, दुधाच्या दाढांच्या मागं हिरडीतून गुपचूप वर येते. त्यामुळे घरचे तिलाही दुधाचीच समजतात. किडली तर किडली, पडेल आणि नवी येईल. तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात खाल्लेलं अडकून बसतं. दाढ नवी असतानाच त्या खाचा बुजवून टाकल्या तर ती वाचते. शाळेत, बाकावर आडवं करून होण्यासारखं हे काम आहे. त्या मुलीच्या दाढेवर तिळाएवढा काळा ठिपका होता.

"एवढं खरवडून दातांचं सिमेंट भरलं तर संपलं," डॉक्टर म्हणाली. "सुईसुद्धा लागणार नाही. पण लवकर करायला हवं. वरून तीळ दिसतो, आत किती पोखरलंय ते सांगता येत नाही. हिला म्हातारपणापर्यंत ही पुरवायचीय."

"मग भरा की आत्ताच."

"साहित्य आणलेलं नाही."

"मग आणलंय काय?"

तिनं डोक्यावरच्या फेट्याकडे बोट दाखवलं. आम्ही दोघीही हसलो नाही. जाताना मात्र, कॉलेजातून साहित्य मिळालं की स्वतः घेऊन येते, असा शब्द तिनं मला दिला.

ती मुलगी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची नात. अध्यक्षांचं ओढ्याकाठी गुऱ्हाळ आहे. मुलगा नोकरीला पुण्यात, सून आणि नात गावी. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलं की काहिलीतून निघालेल्या गुळाचा पहिला गोळा ते नातीच्या तळहातावर ठेवतात, फुंकर मारून, चटका बसू नये म्हणून. पोर तो गालात धरून शाळेत येते आणि पाढे म्हणताना मध्येच चोखते. माणूस वाईट नाही. वाईट असता तर भांडण सोपं गेलं असतं.

मी दुसऱ्याच आठवड्यात शाळेत दात घासणं सुरू केलं. दुपारी खिचडी झाली की पहिली-दुसरीची पोरं नळावर. प्रत्येकाचा ब्रश भिंतीवरच्या लाकडी पाटीला टांगलेला, पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढीच आणि ती माझ्या हातून. गिळायची नाही. मी "घासा" म्हटलं की घासायचं आणि "थुंका" म्हटलं की थुंकायचं. पहिले काही दिवस निम्म्यांनी पेस्ट गिळली आणि उरलेल्यांनी एकमेकांवर उडवली. मी ओरडले, रांगेतून काढलं, पुन्हा उभं केलं. दिवाळीपर्यंत अशी शिस्त लागली की माझ्या एका "थुंका" सरशी सगळी रांग एकदम वाकायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

गावाला मात्र तो जाच वाटला. आमच्या भागात बायका दाताला मिश्री लावतात, तव्यावर भाजलेली तंबाखू. काही घरांत पोरींनाही चिमूटभर मिळते. एक आई फाटकात येऊन म्हणाली, "आमच्या घरात मिश्रीनं कुणाचं दात पडलं न्हाईत आनि तुमी पोरांच्या तोंडात फेस काढताय व्हय?" तिच्या स्वतःच्या तोंडात मागं किती दाढा उरल्यात ते मला बोलतानाच दिसत होतं. मी तेही बोलून दाखवलं. हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आपण शिकवायला आलोय, गावाचं तोंड धुवायला नाही." त्यांच्या टेबलाच्या खणात गुटख्याच्या पुड्या असतात, म्हणून मी त्यांच्या सल्ल्याला किती किंमत द्यायची ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

डॉक्टर मुलीनं शब्द पाळला. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आपल्या दातांच्या कॉलेजातून साहित्य घेऊन एकटी आली. पहिली-दुसरीच्या मुलांच्या दातांना फ्लोराइडचा लेप लावायचा, आणि मागच्या दाढांच्या खाचा बुजवायच्या. फेटा नको, असं तिनं आधीच फोनवर सांगितलं होतं. दुपारच्या सुट्टीपर्यंत पहिलीचा वर्ग करायचा, नंतर दुसरीचा. लेप लावल्यावर शाळा सुटेपर्यंत चिकट, कडक काही चावायचं नाही. मी पोरांकडून तीनदा वदवून घेतलं. अध्यक्षांची नात दुसरीत, म्हणजे तिची पाळी सुट्टीनंतर. ती सकाळपासून दारात घुटमळत होती. "बाई, माझी कवा?" म्हणून विचारत होती.

पहिलीचं काम संपलं आणि पोरं मैदानात गेली. मी आत डॉक्टरबरोबर टेबल पुसत होते, तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. खिडकीतून बघते तर अध्यक्ष. नवा पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, मागं ट्रॉलीत गुळाची ढेप आणि शेंगदाण्याचं पोतं. चांगल्या कामाला आपल्या हातून काहीतरी लागलं पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं होतं. आमच्याकडे पोरगं पास झालं, म्हैस व्याली, बोअरला पाणी लागलं की गूळ वाटतात. पोरांच्या दातांचं चांगलं झालं म्हणून त्यांनी गूळ आणला. यात आपलं काही चुकतंय असं त्या मैदानात कुणालाही वाटलं नाही. हेडमास्तरांनी तर मुलांना ओळीत बसवून दिलं होतं.

मी धावत बाहेर आले तेव्हा पहिलीची सगळी गालफडं फुगलेली होती. ताजा, मऊ, चिकट गूळ आणि वर शेंगदाणे. सकाळभराचा लेप त्याखाली.

"थुंका!" मी ओरडले.

आणि पहिलीची सगळी ओळ एकदम वाकली.

रोजची सवय होती ती. त्यांनी विचारही केला नाही. अध्यक्षांच्या पायांपुढं मातीत गुळाचे ओले गोळे पडले. काही त्यांच्या चपलांवरही उडाले. ते अजून पुढच्या पोराला द्यायला हात पुढं करून उभे होते. तो हात तसाच राहिला. मग ते हळू आवाजात म्हणाले, आणि हळू बोलणारा कोल्हापूरकर ओरडणाऱ्यापेक्षा भयंकर असतो, "अन्नावर थुंकाय शिकवताय व्हय बाई, पोरांस्नी?"

"त्यांच्या दाताला औषध लावलंय. आत्ता गूळ चालत नाही."

"गूळ चालत न्हाय? कोल्हापुरात ऱ्हाऊन?" आता आवाज चढला. "गूळ म्हंजी काय विष हाय व्हय? ह्याच गुळावर आमच्या तीन पिढ्या जगल्या. तुमच्या चहात काय पडतं?"

"साखर," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती, असं हेडमास्तर आजही म्हणतात. मला विचाराल तर पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा "थुंका" म्हणेन.

त्या दिवशी दुसरीच्या वर्गाचं काम झालंच नाही. डॉक्टरनं सामान आवरलं. मैदानात जमलेल्या माणसांमधून वाट काढताना कुणीतरी तिला "पावणं, परत येऊ नगासा" असं म्हणालं. समितीची बैठक त्याच संध्याकाळी झाली आणि ब्रशांची पाटी दुसऱ्या दिवशी भिंतीवर नव्हती. दात घासणं बंद, बाहेरचा डॉक्टर बंद. मला पाणी देणारी शाळेसमोरच्या घरातली बाई मला बघून दार लावायला लागली. स्कूटीच्या चाकातली हवा तर इतक्या वेळा गेली की मी डिकीत पंपच ठेवायला लागले. पोरं मात्र बिलंदर. नळावर मी दिसले की कुणीतरी मागून "थुंका" म्हणायचं आणि सगळी खिदळायची.

माझं लक्ष त्या एका दाढेवर होतं. तीळ मोठा होत गेला. पोर एकाच बाजूनं चावायला लागली. खिचडीतला शेंगदाणा आला की बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवायची. घरच्यांच्या परवानगीशिवाय मी तिला कुठं नेऊ शकत नव्हते. डॉक्टर फोनवर म्हणत होती, "बाई, अजूनही आणलंत तर बघते. पण उशीर करू नका."

मी गुऱ्हाळावर गेले. एकटी, शाळा सुटल्यावर. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं ढकलणाऱ्या माणसांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा फिरवल्या. अध्यक्षांनी मात्र बाज पुढं केली. घरी आलेल्या शत्रूला उभं ठेवायची आमच्यात रीत नाही. त्यांनी रसाचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी घ्या. मग भांडा."

मी पेला तसाच धरून बोलले. शिबिराचं सोडा, सगळ्या मुलांचं सोडा, एकट्या नातीला कॉलेजात नेऊ द्या. दाढ वाचेल.

"दुधाचा दात हाय बाई. पडंल की."

"ती दुधाची नाही. ती पडली तर पुन्हा येणार नाही."

"आमी काय पोरं वाढवली न्हाईत? तुमी शाळंच्या बाई का दाताच्या?"

"दोन्हीची. कारण दुसरं कुणी नाही."

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "एक करा. सव्वीस जानेवारीला माइकवर या, पोरांम्होरं सांगा, गूळ चांगला असतोय म्हनून. आनि माझ्या हातचा गूळ तितंच खावा. मग मी स्वता न्हेतो पोरीला. माझा शब्द हाय."

मी पेला खाली ठेवला, एक घोटही न घेता, आणि निघाले. पोराबाळांसमोर मला उभं करून वदवून घेणार? मी वर्गात वदवून घेते, माझ्याकडून कुणी वदवून घ्यायचं नाही. पन्हाळ्याच्या बाजूनं अंधारून येईपर्यंत मी रस्त्याकडेला स्कूटीवर बसून त्यांना शिव्या घातल्या. त्यातल्या काही इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

जानेवारीत पोरीचा गाल सुजला. घरी लवंगेचं तेल, मिठाचा शेक, मेडिकलमधल्या गोळ्या. सूज उतरली की 'बघा, गेलं' आणि पुन्हा चढली की 'दात पडायला आलाय'. एक दिवस शाळेच्या कुंपणाच्या पलीकडून तिच्या आईनं मला हाक मारली. डोक्यावर पदर, नजर रस्त्याकडे, कुणी बघतंय का म्हणून.

"बाई, लई रडती वो. भाकरी दुधात भिजवून दिली तरी खात न्हाय. मी मामंजींस्नी बोलू शकत न्हाय. तुमी म्हना की, काय म्हनायचं असंल ते. तेवढं एकदा म्हना."

मला तिचाही राग आला. सासऱ्यापुढं तोंड उघडत नाही आणि माझं तोंड मात्र माइकपुढं उघडायला सांगते. पण पोर तिच्या पदराला धरून उभी होती आणि तिचा एक डोळा सुजेनं बारीक झाला होता.

सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला, कवायत झाली, भाषणं झाली. हेडमास्तरांनी माझं नाव पुकारलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कधी विसरणार नाही. मी माइकजवळ गेले आणि म्हणाले, "गूळ चांगला असतो." मग अध्यक्षांनी गुळाचा खडा माझ्या हातात दिला आणि मी तो सगळ्या गावासमोर खाल्ला. पहिलीची पोरं डोळे फाडून माझ्या तोंडाकडे बघत होती. बाई आता थुंकणार, अशी त्यांची खात्री होती. मी गिळला. टाळ्या पडल्या. त्या गर्दीतल्या एकालाही मी त्या टाळ्यांबद्दल माफ केलेलं नाही.

माणूस शब्दाला मात्र पक्का. झेंडावंदनाच्या दिवशी कॉलेज बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी जीप काढली. मी रजा टाकली. मागच्या सीटवर नात, शेजारी तिची आई, पुढं मी. डॉक्टरनं आरसा तोंडात घातला, फोटो काढला, वरच्या मोठ्या सरांना बोलावून आणलं. दाढेचं वरचं कवच आतून फुटून गेलं होतं. हिरडीच्या बरोबरीला आलेलं, मुळाशी पू. भरायला काही शिल्लक नव्हतं.

"काढावी लागेल," सर म्हणाले.

"काडा की," अध्यक्ष म्हणाले. "नवी कवा यील?"

"ही नाही येत, बाबा. ही कायमची होती."

त्यांनी सरांकडे बघितलं, मग त्या शिकाऊ पोरीकडे, मग माझ्याकडे. मी नजर हटवली नाही. महिनोन् महिने मी या क्षणाची वाट बघत होते, की कुणीतरी मोठ्या माणसानं हे त्यांच्या तोंडावर सांगावं. आणि मला बरं वाटलं. खरंच वाटलं. पडद्याआड पोर ओरडली, तोवर वाटत राहिलं.

परतताना पोरीच्या दातांत कापसाचा बोळा होता आणि मुठीत कागदात गुंडाळलेली दाढ. तिनं ती मागून घेतली होती. जीप गुऱ्हाळापाशी थांबली तशी ती उतरून आजोबांपुढं उभी राहिली आणि कागद पुढं केला. पडलेला दात घरावर फेकायचा, म्हणजे नवा येतो, हे आमच्याकडे प्रत्येक पोराला ठाऊक असतं. तिचे पुढचे सगळे दात आजोबांनीच फेकले होते आणि सगळे नवे आले होते.

"आज्जा, टाक की वर," ती बोळ्यातून म्हणाली.

ते कागद हातात घेऊन उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी सांगा तिला."

"तुम्ही सांगा," मी म्हणाले.

त्यांनी कागद उलगडला, दाढ चिमटीत धरली आणि गुऱ्हाळाच्या पत्र्यावर भिरकावली. पत्र्यावर टक् असा आवाज झाला. पोर टाळी वाजवून आत पळाली.

ब्रशांची पाटी त्याच आठवड्यात भिंतीवर परत आली. त्यांनीच खिळे ठोकायला माणूस पाठवला. डॉक्टरही आली, दुसरीच्या उरलेल्या मुलांच्या खाचा बुजवून गेली, आणि त्या दिवशी कुणी गूळ आणला नाही. मी अध्यक्षांशी बोलत नाही. तेही माझ्याशी बोलत नाहीत. समोरची बाई पुन्हा पाणी देते, पण पेला लांबून.

दुपारी पोरं नळावर दात घासतात, मी "थुंका" म्हणते, रांग वाकते. मग ती पोर रांग सोडून माझ्यापुढं येते, गालात बोट घालून तोंड ताणून धरते आणि म्हणते, "बाई, बघा की. आली का?"

मी रोज वाकून बघते. हिरडी भरून आली आहे, गुळगुळीत. जिनं एका गावाशी एका दाढेवरून वैर घेतलं ती मी, रोज तिला सांगते, "अजून नाही."